पेंद्याला दिल्लीला न्यायचं का?

नमस्कार मंडळी! आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरनं 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान उडायला लागलं आणि तेव्हापासनं आपल्याकडं कुणाच्याही घरी जा, चहाबरोबर विमानाच्याच गप्पा. आणि त्यात हा प्रश्न हमखास येतो की आमच्या कुत्र्याला, आमच्या मनीला विमानातनं नेता येतं का हो? येतं. पण नेता येतं का हा वेगळा प्रश्न आणि न्यावं का हा वेगळा, बरं का.

आमच्या आत्याचंच सांगते. आत्या बाळीवेशीत राहते, तिचा पेंद्या म्हणजे थोडा पॉमेरियन, बाकी सगळा गावठी. (नाव बघा किती छान, नाहीतर गल्लीत हाक मारावी तर चार ब्रुनो आणि सहा रॉकी धावत येतात.) सुनेचं बाळंतपण दिल्लीला, चार महिने जायचं, आणि आत्याचा हट्ट की पेंद्या माझ्यासोबतच येणार. मुलानं चौकशी केली. अकासा एअरनं 2022 च्या नोव्हेंबरपासनं केबिनमध्ये पाळीव प्राणी घ्यायला सुरुवात केली, आधी बॅगेसकट सात किलो, मग दहा केलं. एअर इंडियातही लहान कुत्रं-मांजर चालतं. इंडिगोत मात्र फक्त सर्व्हिस डॉग, म्हणजे अंध-अपंगांच्या मदतीला शिकवून तयार केलेलं कुत्रं. म्हणजे सगळं आलं वजनावर. बॅगेसकट वजन, हे परत सांगते, बॅगेसकट!

झालं, पेंद्याला घेऊन आम्ही ओळखीच्या भुसार दुकानात. काट्यावर तो काही उभा राहीना, चारी पाय चार दिशांना. मी म्हटलं आत्या, तू त्याला घेऊन उभी राहा, मग एकटी राहा, वजाबाकी करू. तर आत्या म्हणते, "माझं वजन चारचौघात करू? वेडी का काय तू?" शेवटी दुकानातला हमाल पेंद्याला छातीशी धरून उभा राहिला. नऊ किलो चारशे. बॅग एक किलो तीनशे. सातशे ग्रॅम जास्त!

मग दीड महिना डाएट. बिस्किटं बंद, भाकरी अर्धी. वजन काही उतरेना, कारण मामंजी म्हणजे आत्याचे सासरे रोज संध्याकाळी त्याला गुपचूप तूप लावलेली भाकरी चारायचे आणि वर आत्यालाच विचारायचे, "पोरगं सुकलंय गं, काय खातंय का नाही?" ते उघडकीला आलं, मोठा तमाशा झाला, मग कुठं महिन्याभरात काटा साडेआठावर आला.

आता बॅगेची सवय. आत जुनी सोलापुरी चादर घातली, तिला घरचा वास, पेंद्या आपणहून जाऊन झोपायला लागला. आत्या खूश. मी म्हटलं एकदा रिक्षानं होटगी रोडला जाऊन येऊ, बॅगेची चेन लावून. सात रस्त्यापर्यंत नुसतं कुईकुई. पुढं धापा, लाळ, जाळीवर पंज्यांची खरखर, आणि आसरा चौकात त्यानं चादर ओली केली. रिक्षावाले म्हणाले, "ताई, माझ्या रिक्षात ही गत, वर ढगात काय करणार?" आत्यानं चेन उघडली. पेंद्यानं नाक बाहेर काढलं आणि दोन मिनिटांत गप्प. आत्या बॅगेकडं बघत बसली. विमानात तर चेन उघडता येत नाही.

काहीजण म्हणतात, झोपेचं औषध द्या. नका देऊ हो. जनावरांचे डॉक्टरच सहसा नको म्हणतात, गुंगीत श्वास आणि रक्तदाब दोन्ही खाली जातात आणि वर बघायला कुणी नसतं. दुसरं, खालच्या कार्गोत हवाच नसते असं म्हणतात, ते काही खरं नाही, जिथं जनावरं ठेवतात तिथं हवेचा दाब वरच्यासारखाच असतो. खरी भीती खाली डांबरावर पिंजरा उन्हात थांबतो तेव्हाची, आणि आपला मे महिना तुम्हाला मी काय सांगू. त्यात चपट्या नाकाचा पग, बुलडॉग, पर्शियन मांजर असेल तर नकोच. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं, यांना नीट धापाच टाकता येत नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्यानं 2010 साली आकडे काढले, पाच वर्षांत विमानप्रवासात 122 कुत्री दगावली, त्यातली जवळपास निम्मी चपट्या नाकाची. मुळात सोलापूरच्या उन्हात पग पाळायचा कशाला, हे माझं मत, राग आला तर येऊ दे.

जायचंच असेल तर रेबीजची लस, डॉक्टरांचा प्रवासाचा दाखला, आणि निघायच्या चार-सहा तास आधीपासनं पोटभर खाणं नाही. रेल्वेत एसी फर्स्टचा अख्खा कूपे घेतला तर कुत्रं सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. पण आधी वजन, बॅगेसकट, आणि मग चेन लावून रिक्षाची एक फेरी.

आत्या एकटीच दिल्लीला गेली. पेंद्या चार महिने आमच्याकडं. रात्री व्हिडिओ कॉलवर आत्याचा आवाज आला की हा फोनच्या मागं जाऊन तिला शोधायचा, मग माझ्याकडं बघायचा. आत्या परत आली, त्याला उचललं, आणि पहिलं वाक्य, "काय खायला घातलंस गं याला?" गेलो परत त्याच दुकानात, तोच हमाल, तोच काटा. अकरा किलो दोनशे. मामंजी तेवढ्यात म्हणाले, "मी काही दिलं नाही हं."