एकट्याच्याने तिसरी फेरी निघत नाही

(दृश्य : पहाट. तालुक्याच्या गावातलं मैदान. अंधारात बुटांचे आवाज.)

पहाटेचे पाच. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मैदानावर आली आहेत. मोबाईलचा गजर बंद करून परत झोपता येतं. दारात उभं राहून हाका मारणाऱ्या मित्राला बंद करता येत नाही.

मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० लांब धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलानं पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत संपवलं, तर पैकीच्या पैकी. सोळाशे म्हणजे चारशेच्या ट्रॅकच्या चार फेऱ्या. पहिल्या दोन कुणीही मारतं. तिसरीत पाय भरून येतात, आणि जोडीदार लागतो तो इथे.

(दृश्य : दोघे धावताहेत, एक चार पावलं पुढे.)

१९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो क्योलर या मानसशास्त्रज्ञानं नौकानयन क्लबातल्या तरुणांना वजनं उचलायला लावली. आधी एकेकट्याला, मग जोडीनं. जोडीचं वजन असं, की एकानं हात टेकले की दुसऱ्यालाही थांबावं लागे. अशा वेळी दोघांतला कच्चा गडी एकटा असतानापेक्षा जास्त टिकला. मात्र दोघांच्या ताकदीत बेताचा फरक असेल तरच. फरक फार असला की हा परिणाम ओसरायचा.

म्हणून जाणता प्रशिक्षक टायमिंग बघून गट पाडतो. सर्वांत वेगवान पोराच्या मागे सगळ्यांना सोडणं ही हौस झाली, सराव नव्हे.

संगत उलटीही लागते. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत कॅडेटांच्या तुकड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ठरतात, मित्र निवडून नव्हे. तिथल्या अभ्यासात दिसलं, की सर्वांत कमी तंदुरुस्त सोबत्यांचा प्रभाव सर्वांत जास्त पडतो.

(दृश्य : मैदानाच्या फाटकातून आत येणाऱ्या तीन मुली.)

मुलींच्या बाबतीत मैत्रीण हा उत्साहाच्या आधीचा प्रश्न असतो. अंधारात घराबाहेर पडायचं तर घरचे पहिलं विचारतात, "सोबत कोण आहे?" एकीनं सराव सोडला, की दुसरीचं मैदानही बंद होऊ शकतं.

निवड यादी लागते तेव्हा गट फुटतो. नाव लागलेले प्रशिक्षण केंद्रात जातात. राहिलेल्यांना पुढची भरती निघेपर्यंत आपल्या टायमिंगचा नवा जोडीदार शोधावा लागतो.