वॉशिंग्टनचे इतिहास संग्रहालय: चार स्टुलांपाशी थांबा

नमस्कार. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आजी-आजोबा नातवंडांना घेऊन वॉशिंग्टनला निघतात, तेव्हा राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालय त्यांच्या यादीत असतेच. तिथली सगळी दालने पालथी घालण्याऐवजी दोन वस्तूंपाशी निवांत थांबावे, असा माझा आग्रह आहे.

पहिली वस्तू म्हणजे १४ सप्टेंबर १८१४ च्या सकाळी बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर फडकलेला आणि अमेरिकेच्या राष्ट्रगीताला निमित्त ठरलेला झेंडा. मंद उजेडाला डोळे सरावले की एक तारा गायब असल्याचे आणि एक कड तुटल्याचे दिसते. मूळचे ४२ फूट कापड आज ३४ फुटांच्या आसपास उरले आहे, कारण झेंडा जपणाऱ्या कुटुंबानेच आठवण म्हणून त्याचे तुकडे लोकांना कापून दिले.

माझी मुले मात्र रेंगाळली ती दुसऱ्या वस्तूपाशी. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो शहरातील वूलवर्थ दुकानातील लंच काउंटरचा हा एक भाग, त्यापुढे चार स्टूल. कृष्णवर्णीयांनी दुकानात खरेदी करावी, परंतु या काउंटरवर बसून खाऊ नये, असा तिथला दंडक होता. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आधी त्याच दुकानात किरकोळ वस्तू विकत घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या, आणि मग इथे बसून कॉफी मागितली. आमचे पैसे चालतात, मग आम्ही का चालत नाही, हा त्यांचा सवाल त्या पावत्यांमुळे बिनतोड झाला. कॉफी मिळाली नाही, पण दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, लोण इतर शहरांत पसरले आणि जुलैमध्ये दुकानाला तो दंडक सोडावा लागला.

मराठी घरातल्या मुलांना इथे नागपूरची गोष्ट अवश्य सांगावी. जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९५० च्या दशकात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि तिथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर नॅशव्हिलमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना शिव्या आणि मार सोसूनही हात न उगारण्याचे धडे दिले, आणि १९६० च्या फेब्रुवारीतच हे विद्यार्थीही तिथल्या काउंटरांवर जाऊन बसले.

प्रवेश विनामूल्य आहे आणि २५ डिसेंबर वगळता संग्रहालय रोज उघडे असते. तिकिटाचे पैसे वसूल करण्याची घाई नसल्यामुळे उरलेली दालने दुसऱ्या दिवशीही पाहता येतात.