दुसऱ्या मजल्यापर्यंत लोंबणारी केबल

हॅम, म्हणजे हौसेने रेडिओ संच चालवून गप्पा मारणारी मंडळी, जमली की दहा मिनिटांत विषय अँटेनावर येतो आणि अर्ध्या तासात भांडणावर. भांडणात १९१२ सालही हमखास निघतं. त्या वर्षी अमेरिकेच्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटरपेक्षा आखूड लहरींवर ढकललं. त्या कुचकामी, तेव्हा घ्या खेळायला, असा हिशेब. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचा लेऑन देलॉय आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार मोर्समध्ये बोलले. तेव्हापासून ज्याला कुणी हसलं, तो स्वतःला देलॉय समजतो!

१९८९ मध्ये एका ब्रिटिश मासिकात कबारी, हेटली आणि स्ट्युअर्ट यांनी क्रॉस्ड फील्ड अँटेना मांडला. कल्पना मोहक होती. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं वेगवेगळ्या पत्र्यांनी तयार करायची, त्यांचा फेज, म्हणजे चढउताराची वेळ, जुळवायचा. मग उंच मनोऱ्याची गरजच काय? इजिप्तमध्ये टांटाला मीडियम वेव्हसाठी तो उभाही केला. पण अभियंते चू यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं की, लहरीच्या मानाने अँटेना फार लहान केलात की बँडविड्थ (एका वेळी पेलणारा फ्रिक्वेन्सींचा पट्टा) किंवा कार्यक्षमता, काहीतरी सोडावंच लागतं. कॅनडाचे जॅक बेलरोज यांनी गणित मांडून हा अँटेना खोडून काढला. ते स्वतः हॅम. त्यांना आडमुठे म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आपल्या छंदात चुकीची कल्पना सहज मरत नाही, कारण ती थोडीफार चालतेच. १०० वॅटपैकी १० वॅट हवेत गेले, तर तोटा १० डेसिबलचा. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचं एक घर ६ डेसिबलचं, म्हणजे काटा पुरती दोन घरंही मागे येत नाही. समोरचा तुम्हाला ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे ‘स्पष्ट आणि जोरदार’, असा शेरा देतो आणि लगेच नाव तीनदा विचारतो. देलॉयचा प्रश्न ‘पलीकडे पोचतं का?’ एवढाच होता, त्याला एक संपर्क पुरला. ‘मोठ्याइतकाच चांगला’ म्हणायचं असेल तर शेजारी डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली साधी लांब तार, टांगून, एकाच मिनिटात आलटूनपालटून ऐकावं लागतं. आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप) १:१, म्हणजे काहीच परत नाही, असा आला म्हणून पेढे वाटू नका. तो ५० ओहमच्या डमी लोडचाही, म्हणजे चाचणीसाठी अँटेनाच्या जागी जोडायच्या रोधाचाही, येतो, आणि डमी लोड नुसता तापतो.

माझा एक मित्र. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल २० मीटर लांब, सोसायटी गच्चीवर तार लावू देईना. त्याने कठड्याला हातभर उंचीचा क्रॉस्ड फील्ड अँटेना बांधला, केबल खाली दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सोडली. केरळची स्टेशनं मिळू लागली, स्वारी खूश. एका रविवारी अँटेनाच्या बुडाशी आम्ही केबलवर फेराइटच्या कड्या ओवल्या, तिच्या आतल्या तारजाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडावा म्हणून. कोचीहून रोज येणारा आवाज खरखरीत बुडाला. कड्या काढल्या, आला. घातल्या, गेला. चौथ्या खेपेला त्याने माझा हात धरला, “बास. कळलं.”

अँटेना अजून तिथेच आहे. सोसायटीने परवानगी दिली ती कठड्यावरच्या त्या हातभर नळकांड्याला. प्रक्षेपण करते ती भिंतीवरून लोंबणारी केबल. ती टीव्हीची आहे असं सेक्रेटरींना वाटतं.