भीतीचा पत्ता चुकलाय
(ज्येष्ठ नागरिक मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘मॉर्फिनसारखी वेदनाशामक औषधं घरात कशी वापरावीत, कशी ठेवावीत’. वापरण्यावर येतोच. आधी ठेवण्याबद्दल बोलतो, कारण तिथं माझं जुनं भांडण आहे.

आपल्या घरोघरी फ्रिजवर बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा असतो. त्यात बीपीच्या गोळ्या, मुदत संपलेले डोळ्यांचे थेंब, रबरबँड, पेपरमिंट. हसताय, म्हणजे तुमच्याकडेही आहे.

एका काकांचा कॅन्सर मणक्यात पोचला होता. मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी लिहून दिली होती. घरी बघायला गेलो तर काका दात-ओठ खात पडलेले. काकू म्हणाल्या, “मी सारखी नाही हो देत. अगदीच कळवळले की देते. सवय लागली म्हणजे?” काकांनी तेवढ्यातही सुनावलं, “पन्नास वर्षं हिच्या हातचा चहा पितोय, त्याची नाही लागली ती!” तर मी म्हटलं, गोळ्या दाखवा. त्या निघाल्या अर्थातच फ्रिजवरच्या डब्यातून. काकू कमी देत होत्या, म्हणजे गोळ्या जास्त उरायला हव्यात ना? उलट कमी भरल्या! शेजारच्या आजोबांचा गुडघा धरला होता, त्यांना दोन दिल्या. पुतण्या बाइकवरून पडला, त्याला एक. पेशंटला मोजूनमापून, आणि शेजाऱ्याला विरजणासारखी! आणि पेपरमिंट त्याच डब्यात, म्हणजे नातवाचा हात तिथं रोज जाणार.

माझं म्हणणं एवढंच, की भीती बाळगा, पण तिचा पत्ता बदला. कॅन्सरच्या दुखण्यासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, वेळेवर घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. भ्यायचं ते उघड्या डब्याला.

ही भीती नुसती काकूंची नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्यांची अशी रांग लावली की कित्येक इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. मॉर्फिन बनतं अफूपासून. नीमच-मंदसौरला अफू पिकते, गाझीपूरला तिचा सरकारी कारखाना, आणि आपला पेशंट गोळीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात! २०१४च्या दुरुस्तीनं गाठ बरीच सैल केली. केरळात वेदनाशमनाचं काम उभं करणाऱ्या डॉ. राजगोपाल यांनी त्यासाठी… बरं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे विषयाला आता सुरुवात.

भराभर सांगतो. गोळी घड्याळावर द्यायची, कळवळण्यावर नाही. दिली की वहीत वेळ लिहा, म्हणजे सून आणि मुलगा दोघंही देणार नाहीत. हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी कुटून, चुरून द्यायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. सोबत दारू नको, आणि डॉक्टरला न विचारता झोपेची गोळीही नको, श्वास मंदावतो. हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, तर १०८ला फोन करा. मनानं एकदम बंदही करू नका.

फेंटानिल हे मॉर्फिनच्याच जातीचं औषध, ते कातडीवर चिकटवायच्या पट्टीतून देतात. ही पट्टी साधारण ७२ तासांनी बदलतात. जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही, आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. उष्णतेनं औषध जास्त शोषलं जातं. काढलेल्या पट्टीतही औषध उरतं, तेव्हा चिकट बाजू आत घेऊन दुमडा. लहान मूल ती चिकटवून घेतं किंवा तोंडात घालतं.

ठेवायचं कुलपात. गोदरेजचं कपाट आहे ना? दागिन्यांशेजारी. किल्ली एकाकडे, शिल्लक वहीत. पेशंट गेल्यावर ‘कुणाला तरी उपयोगी पडतील’ म्हणून ठेवू नका. जिथून आणल्या तिथं परत घेतात का विचारा. नसतील घेत, तर केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं २०२५मध्ये सतरा औषधांची यादी दिलीय, ती औषधं कचऱ्यात न टाकता संडासात टाकून पाणी सोडायचं. मॉर्फिन, फेंटानिल आणि ट्रॅमाडॉल नावाचं वेदनाशामक, तिन्ही त्यात आहेत.

प्रश्न चहाच्या वेळी घेतो. गुडघेदुखीवाल्यांनी आधीच हात वर करू नयेत, मी गोळ्या आणलेल्या नाहीत.