एका शब्दापाशी तासभर

नमस्कार श्रोतेहो.

विद्यापीठात प्राचीन साहित्यावर किंवा अनुवादावर चर्चासत्र आहे असं कळलं, की पुष्कळ जण म्हणतात, ते विद्वानांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळणार? तरीही तिथे जाऊन बसा, असं मला आज तुम्हाला सांगायचं आहे. मूळ भाषेचं अक्षरही येत नसलं तरी.

सेमिनार हा शब्द लॅटिनमधल्या 'सेमिनारियम'वरून आला. त्याचा अर्थ रोपवाटिका. जर्मनीतल्या हाले विद्यापीठात फ्रीडरिख आउगुस्ट वोल्फ यांनी १७८७ साली ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या अभ्यासासाठी असं सेमिनार सुरू केलं. गुरुजींनी सांगायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं, ही तिथली रीत नव्हे. विद्यार्थ्यानं स्वतः उतारा लावायचा आणि इतरांनी त्याला हटकायचं.

अशा बैठकीत एकेका शब्दापाशी तासभर जातो. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याचंच बघा. पहिल्याच ओळीत नायकाला विशेषण आहे, 'पॉलिट्रोपॉस'. 'पॉली' म्हणजे पुष्कळ, 'ट्रोपॉस' म्हणजे वळण. आता हा माणूस पुष्कळ फिरलेला, की दुसऱ्यांना फिरवणारा? वाट चुकून समुद्रावर भटकला तो, की शब्द फिरवून वेळ मारून नेणारा तो? ग्रीक शब्द दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसलाय. रॉबर्ट फेगल्स यांच्या १९९६ च्या इंग्रजी अनुवादात वळणं राहिली. एमिली विल्सन यांनी २०१७ मध्ये थेट 'कॉम्प्लिकेटेड' म्हटलं. संपूर्ण 'ओडिसी' इंग्रजीत आणून प्रसिद्ध करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आणि आपल्या मराठीत? 'फिरणं' आणि 'फिरवणं' एकाच धातूची, पण दोन्ही अर्थ धरणारा एक शब्द सापडतो का पाहा. मला अजून सापडलेला नाही, आणि तो शोधताना मूळ ओळ जितकी जवळ आली तितकी नुसत्या वाचनानं कधीच आली नव्हती.

हे झालं बंद खोलीतलं. जाहीर व्याख्यानाचं बळ निराळं. इंग्रज कवी आणि समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड १८५७ साली ऑक्सफर्डमध्ये काव्याचे प्राध्यापक झाले. तोवर त्या पदावरची व्याख्यानं लॅटिनमधून होत. अर्नोल्ड इंग्रजीत बोलू लागले. पुढे होमरच्या अनुवादावर बोलताना त्यांनी फ्रान्सिस न्यूमन यांनी इंग्रजीत आणलेल्या 'इलियड'वर, म्हणजे होमरच्याच दुसऱ्या महाकाव्याच्या अनुवादावर, कडक टीका केली. होमर वेगवान आहे, सरळ आहे, भारदस्त आहे, आणि तुमचा अनुवाद तसा नाही, असा त्यांचा आक्षेप. न्यूमन यांनी १८६१ मध्ये छापील उत्तर दिलं आणि अर्नोल्ड त्यावर पुन्हा बोलले.

त्या भांडणातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. अनुवाद चांगला की वाईट, हे ठरवायचं कुणी? अर्नोल्ड म्हणाले, ज्यांना ग्रीक येतं आणि कविताही कळते त्यांनी. न्यूमन म्हणाले, रसिकतेच्या बाबतीत ग्रीक न येणारा सुशिक्षित वाचकच खरा न्यायाधीश. होमरच्या चालीबद्दल अर्नोल्ड यांचा कान तिखट होता, ते मान्य. पण या एका प्रश्नावर मी न्यूमन यांच्या बाजूला आहे. मूळ भाषा ज्याला येते त्याला अनुवादाची गरजच नसते. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याला खोलीबाहेर ठेवून निकाल कसा द्यायचा?

म्हणून सभागृहातली तुमची खुर्ची रिकामी राहू देऊ नका. जाताना त्या ग्रंथाचे दोन वेगवेगळे अनुवाद मिळाले, तर पहिलं पान शेजारी-शेजारी ठेवून वाचून जा, तेवढी तयारी पुरते. आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली, की संकोच न करता वक्त्याला विनंती करा: ती मूळ ओळ एकदा मोठ्यानं म्हणून दाखवाल का? मग विचारा, यातला कोणता शब्द तुमच्या हातून निसटला?

नमस्कार.