श्वासाबरोबर येणारी उष्णता

भिंगाखाली दिसणारा हा वाळवलेल्या गांजाचा चुरा आहे आणि त्यावर दवासारख्या चमकणाऱ्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये राळ साठलेली आहे. चुरा न पेटवता या राळेतील घटकांची वाफ करणे हे कोरड्या वनस्पतीच्या व्हेपोरायझरचे काम असून, ते साधारणपणे १६० ते २२० अंश सेल्सिअस या पट्ट्यात चालते. कागदात गुंडाळून पेटवलेल्या चुऱ्याचे टोक ओढताना याच्या कितीतरी पुढे जाते आणि राळेचा मोठा भाग वाफ होण्याआधीच जळून जातो.

यंत्र निवडताना लोक आधी आकार पाहतात, रंग पाहतात. उष्णता चुऱ्यापर्यंत केव्हा पोहोचते आणि केव्हा थांबते, हा खरा प्रश्न मात्र बहुतेक वेळा खरेदीनंतरच सुचतो.

समोर उघडलेली ही भट्टी सेशन प्रकारच्या यंत्राची आहे. बटण दाबल्यावर तिच्या भिंती तापू लागतात, मिनिटभरात ठरवलेले तापमान गाठतात आणि पुढची पाच ते दहा मिनिटे ते टिकवून धरतात. या काळात आपण झुरका घेतला काय आणि यंत्र हातात धरून गप्पा मारल्या काय, चुरा तापतच राहतो. ज्या यंत्रांत उष्णता मुख्यतः भिंतीच्या स्पर्शातून, म्हणजे वहनाने जाते, तिथे कडेचा चुरा आधी तपकिरी होतो आणि मधला मागे राहतो. म्हणूनच भट्टी नीट भरावी लागते आणि अधूनमधून चुरा ढवळावाही लागतो. या यंत्रांचा मोठा गुण म्हणजे ती शिकावी लागत नाहीत. ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला श्वासाचा वेग सांभाळणे अवघड जाते, त्याला यंत्रानेच सगळे सांभाळणे सोयीचे वाटते, आणि ती सोय क्षुल्लक नाही.

आता हे दुसरे यंत्र पाहू. तापणाऱ्या धातूच्या वेटोळ्याच्या आतल्या कक्षात माणकाचे छोटे कृत्रिम गोळे ठासून भरलेले आहेत. चुरा त्यांच्यापासून वेगळा, खालच्या कपात आहे. श्वास आत ओढताच बाहेरची हवा या गोळ्यांच्या फटींमधून वाट काढत जाते, त्यांनी साठवलेली उष्णता उचलते आणि तापलेल्या रूपात चुऱ्यातून आरपार निघते. उष्णतेचा हा प्रवास अभिसरणाचा आहे. श्वास थांबला की गरम हवा थांबते आणि चुऱ्याचे तापमान लगेच उतरू लागते, म्हणून उरलेली राळ पुढच्या झुरक्यासाठी बरीचशी शिल्लक राहते. ऑन-डिमांड, म्हणजे मागू तेव्हा, हे नाव याच गुणावरून पडले आहे. असे गोळ्यांचे यंत्र टेबलावर, विजेच्या जोडणीवर चालते; खिशात मावणाऱ्या यंत्रांत तेच काम बॅटरीवरचा लहान हीटर काही सेकंदांत करतो.

बॅटरीशिवायही हे साधते. या धातूच्या नळीच्या टोपणावर लायटरची ज्योत फिरवली जाते आणि टोपणातील धातूची चकती ठरावीक तापमानाला वाकून ‘टक्’ असा आवाज करते. आवाज झाला की ज्योत दूर करायची आणि झुरका घ्यायचा.

या प्रकारात कौशल्य लागते, आणि ते शिकण्यासारखे आहे असे आम्हाला मनापासून वाटते. फार जोरात ओढले तर हवेला तापायला वेळ मिळत नाही व वाफ विरळ येते. सावकाश, एकसारखे ओढले तर पहिल्या झुरक्यातच टर्पिनांचा, म्हणजे वनस्पतीच्या मूळ सुगंधाचा, स्वच्छ स्वाद येतो. सेशनच्या शेवटी येणारी भाजलेली चव अनेकांना वाफेचीच चव वाटते, पण ती पुष्कळदा उष्णतेत ताटकळलेल्या चुऱ्याची असते. ज्याला दिवसातून तीन-चार वेळा एकेकच झुरका पुरतो, त्याने प्रत्येक वेळी सबंध भट्टी का खर्ची घालावी? उलट, सलग दहा मिनिटे निवांत बसून घ्यायचे असेल किंवा दोघा-तिघांत यंत्र फिरवायचे असेल, तर सेशन यंत्र अधिक जुळते.

२००७ साली डोनाल्ड अब्राम्स यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या एका छोट्या अभ्यासात, वाफ घेतल्यानंतर उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड धूम्रपानाच्या तुलनेत फारच कमी वाढलेला आढळला. तरीही वाफेतील द्रव्याचा मेंदूवरचा परिणाम तोच राहतो, आणि गांजाविषयीचा कायदा देशोदेशी वेगळा आहे.

शेवटी हा वापरून झालेला चुरा पाहा. डावीकडचा सेशन यंत्रातला असून कडेला गडद आहे. उजवीकडचा ऑन-डिमांड यंत्रातला असून गरम हवा जिथून आत शिरली त्या बाजूला गडद आहे. दोन्ही प्रकारांत झुरक्यांच्या मध्ये एकदा ढवळणे उपयोगी पडते. आता काही यंत्रांत दोन्ही पद्धती एकत्र मिळतात. असे यंत्र हाती आले, तर आधी ऑन-डिमांड पद्धतीने, कमी तापमानावर आणि थोड्या चुऱ्यावर श्वासाचा वेग बसवावा, आणि सेशनची सोय दमलेल्या दिवसांसाठी राखून ठेवावी.