बदलीची बाई येते तो दिवस

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'लहान गृहसेवेची गुणवत्ता : एक मूल्यमापन'. हा मथळा चिटणीसांचा. मी फोनवर इतकंच म्हटलं होतं, घरी आजाऱ्याची शुश्रूषा करायला येणारी ब्युरोची बाई बरी की वाईट हे कसं ओळखायचं ते सांगतो. एवढ्या पावसात तुम्ही आलात, यावरूनच कळतं की आपल्या बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीत किती घरांत पलंग मांडलेला आहे. मुलं पुण्याला नाही तर बेंगळूरला, आणि म्हातारी इथल्या हवेला चिकटून.

माझं म्हणणं एकच. चार-सहा बायकांच्या लहान सेवेची परीक्षा रोजच्या बाईवरून करू नका. ती रजेवर जाते, बदलीची येते, त्या दिवशी करा.

आमच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती अंथरुणाला खिळली. सेवा लावली, नाव विचारू नका. रोजची बाई खानापूरकडची, मराठी शाळेत शिकलेली. आई तिला 'आमच्यातली' म्हणायची, याहून मोठं कौतुक आईकडे नाही. मालकांनी जाड वही दिली होती : वेळ, कूस, लघवी, औषध, सही. लोक पाहुण्यांना मुलाचा पगार सांगतात, मी ही वही दाखवायचो.

एका शनिवारी बदलीची आली, बैलहोंगलकडची. कन्नड शाळेतली, मराठी बोलायची, पण लिहिता येत नव्हतं. (लिपीचं नाव काढल्याबरोबर मागच्या रांगेतले सरसावून बसले बघा. कन्नड-मराठी पाट्यांच्या वादावर मी बोलणार नाही, मला घरी जायचंय.) दुपारी अडीचला सहज वही उघडली, तर चारची नोंद तयार : 'डावी कूस'. सहाची तयार. रात्री आठची गोळी : 'दिली'. आणि अक्षर रजेवर गेलेल्या बाईचं!

"हे काय?" म्हटलं.

"अक्कांनी कालच लिहून ठेवल्यात की ओ. मला मराठी लिहायला जमत नाही म्हणून."

लबाडी असती तर भांडलो असतो. ही माया होती, मायेशी कसं भांडणार? पण संध्याकाळी आईच्या टाचेवर लाल चट्टा दिसला, बोटानं दाबला तरी फिका पडेना. बेडसोअरची ती पहिली पायरी. वहीत आई दर दोन तासांनी कूस बदलत होती. पलंगावर सकाळपासून उताणीच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. मूळ विषय राहिलाच की!

तर, डोनाबेदियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ साली वैद्यकीय सेवा जोखायच्या तीन बाजू मांडल्या : साधनं आणि माणसं, प्रत्यक्ष काम, आणि परिणाम. लहान सेवेची पहिली बाजू तोकडीच असणार. तिसरी कळेपर्यंत जखम झालेली असते. म्हणून मधली बघायची. न सांगता, अवेळी घरी या. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकते ना, आणि जमिनीला टेकत नाही ना? नाकातल्या नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच असते का, भरवल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवतात का? टाचा आणि माकडहाड रोज बघा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं हात लावा. आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागलं तर सावध व्हा. हवेची गादी घेतली म्हणून कूस बदलणं सुटत नाही, दुकानदार काहीही सांगो.

मालकांना विचारायचं ते असं. बदलीची बाई पहिल्यांदा येते तेव्हा रोजची तिच्यासोबत अर्धा तास थांबते का? त्या अर्ध्या तासाचे पैसे कोण देतं? आणि आपल्या भागात हे हवंच : वही दोघींना वाचता येते का? आमच्या वहीत आता घड्याळाची चित्रं आहेत, कुशीसाठी बाण आणि गोळीच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा चिकटवलेला. काम झाल्यावर खूण करायची, आधी नाही.

तक्रार केल्यावर मालक काय म्हणतात तेही ऐका. आमचे म्हणाले, "उद्यापासून त्या बाईला काढतो." इथं मार्क कापा. वही त्यांची, पद्धत त्यांची, आणि काढायची बाईला!

मी दोघींनाही कामावर ठेवलं. दरांचं सांगायचं राहिलं, ते चहाच्या वेळी विचारा. अध्यक्ष उभे राहिलेत.